टेबलावरून ब्राउझरकडे : कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या स्थलांतराचा विचार

आवक-जावक बारनिशी, खतावणी आणि ग्राहकांच्या तक्रारींची वही या तिन्हींची जागा आजच्या कचेरीत सॉफ्टवेअरने घेतली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यास हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु पदवीनंतर आपल्यापैकी पुष्कळांची गाठ रोज त्याच्याशीच पडावयाची आहे. म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या सॉफ्टवेअरचे जे स्थलांतर झाले, त्याची कारणे व परिणाम यांचा थोडक्यात विचार करण्याचे मी योजिले आहे.

जुनी व्यवस्था

१९९० च्या दशकातील प्रचलित पद्धतीत सामाईक माहितीचा साठा एका मध्यवर्ती सर्व्हरवर असे. मात्र पडद्यावरील फॉर्म आणि हिशेबाचे बरेचसे नियम ज्यात असत, तो प्रोग्रॅम प्रत्येक टेबलावरील संगणकात स्वतंत्रपणे बसवावा लागे. यालाच 'क्लायंट' म्हणत. त्याचा गुण असा की, कळ दाबताच पडदा हाले. त्याचा दोष वितरणाचा होता. समजा, एका कंपनीत ४०० संगणक आहेत आणि कराचा दर बदलल्यामुळे नवी आवृत्ती बसवावयाची आहे. एका संगणकास १५ मिनिटे धरली तरी १०० तासांचे काम झाले. त्यात दहा संगणक राहून गेले, तर त्या दहा टेबलांवरून जुन्याच दराने बिले निघणार!

ब्राउझरचा मार्ग

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तो माहितीची पाने वाचण्या-लिहिण्यासाठी. पुढे व्यावसायिकांच्या ध्यानात आले की, फॉर्म हेही एक पानच आहे. नियम सर्व्हरवर ठेवावेत आणि टेबलावर केवळ पान पाठवावे. मग नियम एका ठिकाणी बदलला की तो सर्वांसाठी बदलतो. १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या कंपनीने विक्री विभागाचे सॉफ्टवेअर प्रारंभापासून याच मार्गाने दिले.

तथापि एक अडचण होती. लहानशा बदलासाठीही संपूर्ण पान सर्व्हरकडून नव्याने यावे लागे आणि तोवर पडदा कोरा राही. त्यावरचा उपाय १९९९ मध्येच इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आला. पान तसेच ठेवून हवा तेवढा मजकूर मागविण्याची ही सोय मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या टपाल-सॉफ्टवेअरचे काम ब्राउझरातून व्हावे, म्हणून निघाली होती. तिचे सामर्थ्य सर्वसामान्यांस दिसले ते २००४ मधील जीमेलमुळे.

सीबेलचे उदाहरण

सीबेल ही १९९३ मध्ये स्थापन झालेली ग्राहकसेवा-सॉफ्टवेअरची अमेरिकन कंपनी. तिने २००१ मध्ये आपली सातवी आवृत्ती ब्राउझरात आणली. परंतु जुन्या क्लायंटसारखा चपळ पडदा देण्यासाठी तिने 'ॲक्टिव्हएक्स' हे मायक्रोसॉफ्टचे तंत्र वापरले, आणि ते चाले फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. म्हणजे नाव ब्राउझरचे, पण बंधन पुन्हा विशिष्ट संगणकाचेच! २००६ मध्ये ही कंपनी ओरॅकलकडे गेली, आणि कोणत्याही प्रमाणित ब्राउझरात चालेल असा पडदा येण्यास २०१२ साल उजाडले. पुढे १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा आधार बहुतांशी काढून घेतला. खुल्या प्रमाणांवर न उभारलेले स्थलांतर पुन्हा करावे लागते, हा यातील धडा होय.

हाताची सवय

अर्थशास्त्राच्या अध्यापनाकडे वळण्यापूर्वी काही वर्षे मी एका कंपनीच्या ग्राहक-साहाय्य विभागात होतो. तेथील ज्येष्ठ कारकून मंडळी कीबोर्डकडे न पाहता काम करीत. नवे सॉफ्टवेअर आले आणि प्रत्येक रकान्यासाठी हात माऊसकडे जाऊ लागला. फोनवरचा ग्राहक ताटकळू लागला. वरिष्ठांचे निदान असे की, या लोकांना बदल नको आहे! वास्तविक त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. टॅली वापरणारा हिशेबनीस एफ ५ ही कळ दाबतो, ती पेमेंट व्हाउचरसाठी. तीच कळ ब्राउझरात दाबली की पान नव्याने येते, आणि सॉफ्टवेअरने विशेष काळजी घेतलेली नसेल तर अर्धवट भरलेला फॉर्म नाहीसा होतो. वर्षानुवर्षे कमावलेली हाताची सवय हेही भांडवलच आहे. पण ते कंपनीच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही.

लाभ-हानीचा ताळेबंद

जमेच्या बाजूस स्वस्त वितरण, एकच नियम, कोणत्याही संगणकावरून काम करण्याची मुभा, या गोष्टी मोठ्या आहेत. कराचा दर बदलला की रातोरात सर्वत्र बदलतो, हे जुन्या व्यवस्थेत साधणे कठीण होते. नावे बाजूस इंटरनेटवरील अवलंबन येते. लाईन गेली की बहुधा कामही थांबते. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर आवृत्ती केव्हा बदलावी हा निर्णयही आपल्या हातून जातो.

माझ्या मते या स्थलांतराचे सार श्रमांच्या फेरवाटपात आहे. चारशे टेबलांवरचे ओझे सर्व्हरच्या खोलीत गेले. त्याबरोबर त्या टेबलांची सत्ताही गेली, आणि बदलाचा त्रास मात्र टेबलावरच राहिला. तंत्र पुढेही बदलत राहील. उद्या आपण कचेरीत जाल तेव्हा नव्या सॉफ्टवेअरविषयी दोन प्रश्न अवश्य विचारा : यामुळे कोणाचे काम हलके झाले? आणि ज्याच्या हाताखाली ते चालणार, त्याला आधी विचारले होते काय? हे प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.