हृदयविकाराचा झटका आणि रुग्णवाहिकेचे कार्य

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक पाडे मुख्य रस्त्यापासून दूर आहेत. कसारा वा माळशेज घाटाकडील रुग्णास मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास बराच वेळ लागतो. अंतर कमी करणे आपल्या हाती नाही. उपचार रुग्णापर्यंत नेणे शक्य आहे. याच विचाराने १९६६ साली बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत डिफिब्रिलेटर बसविला. महाराष्ट्रात २०१४ पासून ‘१०८’ सेवा उपलब्ध आहे.

हृदय बंद पडल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास रुग्ण वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे पहिली मिनिटे कुटुंबीयांच्याच हाती असतात. छातीत दुखणे, दरदरून घाम, धाप ही लक्षणे पित्ताची समजून थांबू नये. त्वरित १०८ वर कळवावे. रुग्णास चालवू नये. तो बेशुद्ध होऊन श्वास थांबल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा.

हेच काम धावत्या गाडीत, घाटवळणांवर करणे अतिशय कष्टाचे असते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. म्हणून गाडी व यंत्रांइतकाच प्रशिक्षित मनुष्यबळावरील खर्च आम्ही आवश्यक मानतो. देणगीदारांनी याही बाबीचा अगत्याने विचार करावा, ही नम्र विनंती.