कॅश जुळली नाही तर

चि. सोनूस,

काल फोनवर तू म्हणालीस, "मामा, बँकेच्या काउंटरवर माणूस आला की त्याच्या तोंडाकडेही बघवत नाही." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. तू माणसांना कंटाळणारी मुलगी नव्हेस. म्हणून लिहायला बसलो.

आधी एवढं ऐक, हा तुझा स्वभावदोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'ची लक्षणं सांगितली, त्यांत थकव्याबरोबर आपल्याच कामाविषयी वाटणारा दुरावाही आहे. आणि त्याचा संबंध त्यांनी जोडलाय तो नोकरीतल्या साचत गेलेल्या ताणाशी.

माझंही असं झालं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. १० तारखेला आमची बँक उघडली तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. शनिवार-रविवारही काम. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझी कॅश आठ हजारांनी शॉर्ट आली. तीनदा मोजली. मग खिशातून भरले आणि कुणाला काही बोललो नाही. चोर समजतील, ही भीती. पैसे गेल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं, पण न बोलल्याचं ओझं वाढतच गेलं. झोपेत माझी बोटं गोधडीवर नोटा मोजायची, असं तुझी मामी सांगते. अकरा दिवसांनी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "माझे तीन हजार गेलेत." त्या रात्री मला झोप लागली.

म्हणून सोनू, शॉर्ट येवो की एक्सेस, त्याच दिवशी मॅनेजरसाहेबांना सांग आणि नोंद करून घे. खिशातून गुपचूप भरू नकोस. एका ग्राहकाचं व्हाउचर पुरं होऊन ड्रॉवर बंद झाल्याशिवाय दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ नकोस, मग समोरचा कितीही ओरडो. नोटांची फोड स्लिपवर लिहीतच जा. घाईत हेच पहिलं सुटतं.

रॉबर्ट कॅरासेक नावाच्या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं होतं की, काम भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार मात्र नाही, तिथे माणूस सर्वांत जास्त ताणला जातो. कॅशियरची खुर्ची नेमकी तशी. रांग तुझ्या हातात नाही, विमा विकण्याचं टार्गेटही नाही. पण जेवणाची वेळ आहे. ती सोडू नकोस, आणि डबा काउंटरवर उघडू नकोस, आत जाऊन खा. दिवसभर पाणी पीत नाहीस, उठावं लागेल म्हणून. ते मला मुळीच आवडलेलं नाही. कॅश, पासबुक आणि विमा हे तिन्ही एकटीवर आलं तर साहेबांकडे रडवेली जाऊ नकोस. दिवसात किती व्हाउचर झाली तो आकडा घेऊन जा. आकड्यांपुढे साहेबही थांबून ऐकतात, हा माझा अनुभव आहे. रात्री शाखेचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेव.

एवढं करूनही महिनाभरात तुझी उडालेली झोप परतली नाही, तर डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत येईन. मध्यरात्री फारच घुसमटलं आणि घरच्यांना उठवायचा संकोच वाटला, तर टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. पण मला उठवायला संकोच करू नकोस.

तुझी किरकोळ रजा (सीएल) किती शिल्लक आहे, ते कळव.

तुझा,
मामा