पेशीची वाट केव्हा ठरते?

मूर्तिजापूर जंक्शनवरचा प्रवासी दुसऱ्या फलाटावर नेला, तर तिकीट असलेला आपल्याच गावी जाईल. नसलेला शेजाऱ्यांबरोबर जाईल. पेशीचीही अशीच परीक्षा घेता येते.

आपल्याकडील ओढ्यांत सापडणाऱ्या झेब्रा माशाच्या पारदर्शक गर्भात फलनानंतर पाच ते दहा तासांत तीन स्तर बनतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मेंदू, मध्यस्तरापासून स्नायू व रक्त, अंतःस्तरापासून आतडे घडते. एका गर्भात चमकणारा रंग भरून त्याची एक पेशी बारीक काचनळीने दुसऱ्या गर्भात भलत्याच जागी ठेवतात. १९९३ साली हो व किमेल या शास्त्रज्ञांना काय आढळले? स्तर बनू लागताना हलवलेली पेशी नव्या जागेप्रमाणे घडते. स्तर अर्धे बनल्यावर हलवलेली मूळ वाट सोडत नाही. म्हणजे पेशीचे ‘तिकीट’ या मधल्या काळातच निघते.