बटणांचा फोन सोडताना

2017 साली जिओफोन आला, तेव्हा दीड हजार रुपये अनामत भरून मीही तो घेतला. दिसायला बटणांचा, पण आत कायओएस नावाची प्रणाली. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालू लागलं. आमगाव तालुक्यातल्या माझ्यासारख्या धानवाल्याला तेवढं पुष्कळ होतं. पण 2025 च्या सुरुवातीला कायओएसवरचं व्हॉट्सअ‍ॅप थांबलं, आणि ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे शेतात उभं राहून अ‍ॅपवर पिकाची नोंद करायला, तर दर खरिपाला पुतण्याच्या मागे लागावं लागायचं. शेवटी अँड्रॉइड घेतला. आता गावात कुणी असाच बदल करायला निघालं की आधी माझ्या ओट्यावर येतं. त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

जुना फोन खिशात आहे तोवरच नंबर काढून घ्या. 'सिमवर टाका, नव्या फोनात आपोआप येतील' हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. सिमवर नावाला जागा थोडी, त्यात देवनागरी अक्षरं इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातात. माझ्याकडे 'राइसमिल गोरेगाव' आणि 'राइसमिल आमगाव' असे दोन नंबर होते. सिमवरून उतरले ते दोन्ही नुसते 'राइसमिल'. बिल थकलं होतं गोरेगावचं आणि फोन लागला आमगावला! नंबर मेमरी कार्डावर किंवा जीमेलवर पाठवायची सोय जुन्या फोनच्या कॉन्टॅक्ट सेटिंगमध्येच आहे, ती वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं बोलणं मात्र नव्या फोनात येत नाही. नातवंडांचे फोटो हवे असतील तर आधी कार्डावर घ्या.

दुकानातला पोरगा फोन 'सेट करून' देतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण सेट होतं ते त्याच्या आवडीचं. माझ्या फोनची भाषा हिंदी, स्क्रीनवर भलताच लाँचर, 'रॅम साफ करणारं' एक अ‍ॅप, आणि लॉक उघडायच्या आधीच रोज नवं चित्र अन् खाली जाहिरात. बटणांवरून आलेल्या माणसाला वाटतं, हा फोन असाच असतो. नसतो. पहिल्या आठवड्यात नवीन काहीच लावू नका, नुसतं बंद करत जा: लॉक स्क्रीनवरची चित्रं, ते सफाईचं अ‍ॅप, दुकानदारी करणाऱ्या अ‍ॅप्सच्या सूचना. मग भाषा मराठी करा आणि अक्षरं मोठी करा. वॉलपेपरला घाई नाही.

खरी गोम परवानग्यांत आहे. रोवणी आटोपल्यावर आमच्या शेजारचे काकाजी ई-पीक पाहणीला बांधीत उतरले. चिखल पोटऱ्यांपर्यंत, एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन. आणि अ‍ॅप म्हणतं, तुम्ही गटात नाही. "गट माझा, धुरा माझा, मी मधात उभा, आणि हा म्हणते मी नाही!" काकाजी तापले. फोन हातात घेऊन पाहिलं. लोकेशनची परवानगी मागताना अँड्रॉइड 12 पासून दोन वर्तुळं दिसतात, एक 'अचूक' आणि दुसरं 'अंदाजे'. काकाजींच्या फोनात 'अंदाजे' निवडलेलं होतं. अंदाजे म्हणजे फोन तुमचा परिसर सांगतो, बांधी नाही. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचं लोकेशन उघडून 'अचूक' चालू केलं आणि फोटो निघाला.

दुसरी गंमत पुढच्या हंगामात कळते. जे अ‍ॅप काही महिने उघडलं जात नाही त्याच्या परवानग्या अँड्रॉइड स्वतःच काढून घेतो. शहरातल्या माणसासाठी हे चांगलंच, पण आमचं पाहणीचं अ‍ॅप खरिपात एकदा उघडतं, आणि बाघ प्रकल्पाचं पाणी मिळून उन्हाळी धान लावलं तर त्यानंतर थेट उन्हाळ्यात. म्हणून त्या एका अ‍ॅपपुरतं 'वापरात नसल्यास परवानग्या काढा' हे बटण बंद ठेवा. बाकी सगळ्यांना राहू द्या.

बॅटरी वाचवण्याचा मोड कायमचा लावून ठेवला की व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप फोन उघडल्यावरच एकदम येऊन पडतात. चार्जिंग संपत आलं तरच तो लावा. आणि सालेकसाकडे, बालाघाट-छत्तीसगढच्या सीमेला लागून शेत असेल तर डेटा रोमिंग चालू ठेवा. फोन पलीकडचा टॉवर पकडतो, कांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र मेलेलं. देशातल्या देशात रोमिंगचे जादा पैसे आता बहुतेक प्लॅनमध्ये लागत नाहीत. तरी आपला प्लॅन एकदा विचारून घ्या.

टाइप करणं जड जात असेल तर जीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि माइक दाबून बोला. नुसती हिंदी जोडलेली असली तर तो मराठीचंही हिंदीच करतो.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच चालू करू देत नाही: 'अज्ञात स्रोतांकडून अ‍ॅप इन्स्टॉल करा'. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल येते, आपण हप्त्याची वाट पाहतच असतो, आणि फाइल दाबली की फोन हीच परवानगी मागतो. पुढे ते अ‍ॅप मेसेज वाचायची, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी दुसराच वाचतो. जिओफोनात अशी एपीके चालतच नव्हती, त्यामुळे आपल्याला तिची भीती माहीत नाही. तशी फाइल आली तर न उघडता काढून टाका, आणि ज्या व्यक्तीकडून आली तिलाही फोन करून सांगा. बहुतेक वेळा तिच्या फोनवरून ती तिच्या नकळतच गेलेली असते.