वाटीभर बेसन

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. खोली घेऊन राहू लागलो तेव्हा खानावळीचे पैसे वाचावेत म्हणून कित्येक रात्री चहा-पावावर काढल्या. आईला मात्र 'जेवलो' असेच सांगत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत तिने माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला चुलीपुढे बसवले. त्या दिवशी शिकलेले पिठले येथे देत आहे.

दोघांसाठी एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात कालवावे. गरम पाण्यात गुठळ्या होतात. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची व चिरलेला कांदा परतावा. मग कालवलेले बेसन व मीठ घालून सारखे ढवळावे. घट्ट झाल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी.

डाळीच्या प्रथिनांतील उणीव धान्य भरून काढते आणि धान्यातील डाळ. म्हणून पिठल्याबरोबर भाकरी हवी. ती जमेपर्यंत भात चालेल.

मित्रहो, स्वयंपाक बायकांनीच करायचा, या समजुतीपायी मी उपाशी राहिलो. आता आईला 'जेवलो' म्हणतो, ते खरे असते.