एकदंत आणि डेंटिस्ट

गेल्या वर्षी गुंगालिनला लेकीकडे असताना नातीला शाळेतून शब्दांची यादी मिळाली: डेंटिस्ट, पेडेस्ट्रियन, ट्रायपॉड, ऑक्टोपस, इग्नाइट. प्रत्येकाचे ग्रीक किंवा लॅटिन मूळ शोधायचे होते. "आजी, तुला तर मराठी येतं, तू कशी मदत करणार?" तिने विचारले. मला ते जरा लागलेच.

म्हटले, गणपतीला एकदंत का म्हणतात? दंत म्हणजे दात. लॅटिनमध्ये दाताचे मूळ 'डेंट', त्यावरून डेंटिस्ट. आपले पद, लॅटिनचे 'पेड', ग्रीकचे 'पोद'. पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा, ट्रायपॉड म्हणजे चक्क त्रिपाद! ऑक्टोपस तर आपल्याकडेही अष्टपादच. इग्नाइटमधला लॅटिन 'इग्निस' म्हणजे अग्नी, हे तिने स्वतःच ओळखले. मग सप्टेंबर ते डिसेंबर: सप्त, अष्ट, नव, दश. "पण सप्टेंबर तर नववा!" बरोबर. जुने रोमन वर्ष मार्चमध्ये सुरू होई, आपल्या पाडव्याच्याच सुमारास.

हे साम्य सांगताना सर विल्यम जोन्स यांचे कोलकात्यातले १७८६ चे भाषण आठवते. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून भावाला पत्र लिहून इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे कळवले होते. याच इंग्रज पाद्र्याने पुढे मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. मराठी माणसाने हे नाव विसरू नये.

मात्र इंग्रजी संस्कृतातून निघाली असे आपल्यापैकी काहीजण अभिमानाने सांगतात, ते खरे नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी. त्यांची आई कुणी लिहून ठेवलेली नाही. नुसत्या आवाजावर जाऊ नये. नात उत्साहाने म्हणाली, "म्हणजे गुंगालिनमध्ये गंगा आहे!" नाही गं बाई, ते नाव इथल्या आदिवासींच्या भाषेतून आले आहे.

काही शब्द तर उसनेही असतात. पत्रिकेतले 'केंद्र' आणि 'होरा' आपल्या ज्योतिषाने ग्रीकांकडून घेतले. इंग्रजीतले सेंटर आणि अवर त्याच घरचे. "मग ते आपले नाहीत?" तिचा चेहरा उतरला. दीड हजार वर्षे आपल्या घरी राहिलेल्याला पाहुणा कोण म्हणेल?

यादीच्या शेवटी तिने स्वतःहून एक शब्द जोडला, नॉमिनेट. त्यापुढे लॅटिन 'नोमेन', आणि त्यापुढे वेड्यावाकड्या देवनागरीत: नाम.