फूटपट्टी आणि औषधाला न बधणारे जीवाणू

रुग्णालयात दाखल केलेल्या आजोबांचा ताप चार दिवस झाले तरी उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, "कल्चरचा रिपोर्ट येऊ द्या, मग औषध बदलायचे का ते ठरवू." मुलुंड असो वा बोरिवली, हे वाक्य पुष्कळ घरांनी ऐकलेले असते. या रिपोर्टात असते तरी काय? मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. पण या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडते. कारण त्यात आपल्या ओळखीची दोन साधने आहेत : फूटपट्टी आणि वही.

दोघांची शर्यत

रुग्णाच्या रक्तातून किंवा लघवीतून मिळालेले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवतात. मग काचेच्या वा प्लॅस्टिकच्या बशीत अगारचा 4 मिलिमीटर जाडीचा थर घेऊन त्यावर ते सारखे पसरतात. त्यावर प्रतिजैविकात भिजवलेल्या, 6 मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि बशी 35 अंश सेल्सिअस तापमानात 16 ते 18 तास राहू देतात.

आता शर्यत सुरू होते. चकतीतले औषध विसरणाने चहूकडे पसरू लागते; जितके दूर जावे तितकी त्याची संहती कमी. इकडे जीवाणूही वाढत असतात. दर 20 मिनिटांनी दुप्पट होणारा एक जीवाणू 8 तासांत 24 वेळा दुप्पट होतो, म्हणजे एकाचे 1 कोटी 67 लाखांहून अधिक होतात! जिथे औषध पुरेसे पोहोचते तिथे वाढ होत नाही आणि चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते. त्याचा व्यास फूटपट्टीने मोजतात. अगारचा थर जाड झाला तर औषध खोलवरही पसरते आणि वर्तुळ लहान दिसते. म्हणून थराची जाडी ठरलेली असते.

मेरोपेनेम या औषधाची 10 मायक्रोग्रॅमची चकती घ्या. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जीवाणूंभोवती 23 मिलिमीटर किंवा अधिक व्यासाचे वर्तुळ मिळाले तर औषध लागू पडेल असे समजतात. 19 किंवा त्याहून कमी भरले तर जीवाणू औषधाला बधत नाहीत. चार मिलिमीटरच्या फरकावर रुग्णाचे औषध ठरते!

मुंबईतील 24 नोंदी

मेरोपेनेम हे कार्बापेनेम गटातले औषध. इतर औषधे हरली की हाती घ्यायचे. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या काळात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत या गटाला दाद न देणारे 24 जीवाणू सापडले. त्यांतील 22 जीवाणूंत एनडीएम-1 हे विकर तयार करणारा जनुक होता. ही माहिती तेथील डॉक्टरांनी मार्च 2010 मध्ये प्रसिद्ध केली. हे विकर पहिल्यांदा सापडले ते 2008 मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात. जस्ताच्या मदतीने ते औषधाच्या रेणूतील कडे तोडते. शिवाय त्याचा जनुक प्लाझ्मिड नावाच्या छोट्या डीएनए-वलयावर असतो. हे वलय एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीला देऊ शकतो.

इथे एक सावधगिरी हवी. 24 पैकी 22 म्हणजे सुमारे 92 टक्के. म्हणून मुंबईतील 92 टक्के रुग्णांत हा जनुक होता काय? मुळीच नाही! ते 24 जीवाणू आधीच 'न बधणारे' म्हणून निवडलेले होते. टक्केवारी वाचताना "कशापैकी?" हा प्रश्न आधी विचारावा.

वही कशासाठी?

एका बशीवरून एका रुग्णाचे औषध ठरते. अनेक बशांची नोंद ठेवली की रुग्णालयाची स्थिती कळते. तारीख, वॉर्ड, जीवाणू, वर्तुळाचा व्यास. एकाच वॉर्डात आठवड्याभरात तसाच जीवाणू तीन रुग्णांत आढळला, तर तो हातांवरून किंवा नळीवाटे पसरतो आहे का, हे लगेच तपासता येते. वार्षिक गोषवाऱ्यात मात्र एका रुग्णाचा एक जीवाणू एकदाच मोजतात. नाहीतर वारंवार तपासल्या गेलेल्या एकाच रुग्णामुळे आकडा फुगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2013 पासून देशातील निवडक रुग्णालयांच्या अशा नोंदी एकत्र करण्यास सुरुवात केली.

अशीच एक वही तुमच्या औषधाच्या दुकानातही असते. मार्च 2014 पासून मेरोपेनेमसारखी काही औषधे 'एच-1' यादीत आहेत. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळी नोंद दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. ताप आला म्हणून चिठ्ठीवाचून प्रतिजैविक मागणारा माणूस ही वही कोरी ठेवायला लावतो. आणि गरज नसताना घेतलेले औषध शरीरातले दुबळे जीवाणू मारून न बधणाऱ्यांना जागा मोकळी करून देते.

करून पाहा

चायनाग्रास उकळून दोन सारख्या बशांत, एकीत पातळ व दुसरीत जाड थर गोठवा. टीपकागदाच्या सारख्या चकत्या शाईत भिजवून एकेक मध्यभागी ठेवा. एक, दोन आणि चार तासांनी रंगाच्या वर्तुळाचा व्यास मोजून वहीत लिहा. वेळ चौपट झाली म्हणून चकतीच्या कडेपासूनचे अंतरही चौपट होते का? दोन बशांत फरक पडतो का? जीवाणू मात्र घरी किंवा वर्गात वाढवू नका. त्यासाठी शाई पुरेशी आहे.